गालाने तपासलेली खिडकी

ता. ६ फेब्रुवारी

चि. खारूस,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे आपल्या मर्जीने चालतात. तुम्ही तिघंही खुशाल आहात असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात त्या जुन्या घराच्या डागडुजीबद्दल पानंच्या पानं असतात आणि तब्येतीबद्दल एक ओळ नसते.

पेटी काल रवाना केली. टेम्पोवाला म्हणाला, "आजी, दगड भरलेत की काय?" म्हटलं, "रंगाऱ्याचा संसार आहे, हळू ने." तू मागितलेलं सगळं आत आहे. रुंद ब्रश, तिरक्या कापाचा ब्रश, खरवडायच्या पट्ट्या, ती तुझ्या हातात बसणारी छोटी पट्टीसुद्धा. तळाशी भुकटीचा डबा ठेवलाय. तो तू मागितला नव्हतास, मीच घातला. जुन्या खिडक्यांचा खरवडलेला रंग खलात कुटायचा, फडक्यातून चाळायचा, जवसाच्या तेलात मळायचा आणि त्या लांबीने खिडकीच्या भेगा बुजवायच्या, ही ह्यांची रीत माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत. दुकानातली लांबी सुकली की तडकते. ह्यांनी भरलेली सुटून आलेली मी पाहिली नाही. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला आहे, खालच्या खोलीला आरामात पुरेल.

तू त्यांची एखादी वस्तू मागशील असं मला वाटलं नव्हतं. एवढंच लिहिते. जास्त लिहिलं तर तू पुढचं पत्र लिहिणार नाहीस, मी तुला ओळखते.

ढब्बूचा फोटो आरशाच्या कडेला खोचलाय. लाकूड घासून झालं की तू फुंकर मारून गाल टेकवून पाहतेस, आणि ते बघून तोही खिडकीची कड धरून उभा राहतो, गाल टेकवतो आणि वर चाटतोही, हे वाचून मी एकटीच हसत बसले. हातांना घट्टे पडले की हात खोटं बोलतात, गाल बोलत नाही, असं हे म्हणायचे. तिसरी पिढीही गालावर विश्वास ठेवायला लागली म्हणायची.

इकडे घरमालकाने एकदाच्या खिडक्या दुरुस्त करायचं मनावर घेतलंय. भाडेकरू आधी पडतात की खिडक्या, अशी त्याला धास्ती असावी. त्याआधी नगरपालिकेची कोणी बाई येऊन जुना रंग तपासणार आहे. रंगात काय तपासायचं असतं देव जाणे. तपासो बिचारी.

वाचनालयातल्या ताईंनी ध्रुवाकडे निघालेल्या खलाशांचं पुस्तक दिलंय. जहाज बर्फात अडकलंय आणि मी तिथेच अडकले आहे. एके काळी हे खिडक्या रंगवायचे तेव्हा फरशीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर गुडघे टेकून मी अक्षरं जुळवत बसायचे आणि हे ओरडायचे, "बाजूला हो, बातमीवर थेंब पडेल." तिथून ध्रुवापर्यंत आले, हेही काही कमी नाही.

जावईबापूंना सांग, शिडी धरायची म्हणजे शिडीला टेकून डुलकी काढायची नाही.

ढब्बूच्या दोन्ही गालांना पापा.

तुझी
आई


ता. २० फेब्रुवारी

खारू,

पेटी पोहोचल्याचं जावईबापूंनी कळवलं. तू स्वतः कळवलं नाहीस, म्हणजे पेटी उघडून कामाला लागली असशील.

तपासनीसबाई बुधवारी येऊन गेली. तुझ्याच वयाची असेल. केस घट्ट बांधलेले, हातात एक बॅग. उंबऱ्यातच बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लागली. मला वाटलं माझी फरशी मळू नये म्हणून. म्हटलं, "असू दे गं, मी पुसून घेईन." तर म्हणाली, "नाही आजी, इथलं माझ्या घरी जायला नको. घरी लहान मूल आहे." खरं सांगते, मला ते लागलं. इतकी वर्षं ह्या घरात राहिले, कोणी असं बोललं नव्हतं. चहा विचारला तर म्हणाली, "काम झाल्यावर, हात धुऊन."

तिच्याकडे टोकाला कापूस असलेल्या कांड्या होत्या. खिडकीच्या कोपऱ्यात तिने नखाएवढा रंग खरवडला आणि कांडी घासली. पांढरा कापूस लाल झाला. "शिसं आहे," म्हणाली. जुन्या तेलरंगात घालायचे म्हणे, रंग टिकावा म्हणून. दाराच्या चौकटीवर घासली, लाल. भिंतीवर काही नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते, परक्याच्या घरात उभी असल्यासारखी.

मग तिने काचेखालच्या लांबीला कांडी लावली. टेकवते न टेकवते तोच लाल झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "ही कुठून आणली?"

म्हटलं, "आणलेली नाही, घरची आहे." आणि सगळी रीत सांगितली. अभिमानाने सांगितली, खारू. कसं कुटायचे, कसं चाळायचे, किती तेल. सांगताना हात पण तसेच हलवून दाखवले. ती लिहिता लिहिता थांबली.

"चाळायचे कुठे?"

"इथेच, स्वयंपाकघरात. खिडकीखाली उजेड चांगला येतो."

"घरात तेव्हा लहान कोण होतं?"

मी म्हटलं, "चहा टाकते." ती नको म्हणाली.

आता ऐक. मी बुधवारीच फोन केला होता, तू उचलला नाहीस. जावईबापूंना सांगितलं, ते म्हणाले, "सांगतो." त्यांचं सांगणं तुझ्यापर्यंत पोहोचता पोहोचता वाटेत जेवायला थांबतं, म्हणून लिहिते आहे. डबा उघडला नसशील तर उघडू नकोस. उघडला असशील तर झाकण लावून वर ठेव, ढब्बूचा हात पोचणार नाही अशा जागी. कचऱ्यात टाकू नकोस, पाण्यातही ओतू नकोस. तुमच्याकडच्या नगरपालिकेला विचार, ते सांगतील कुठे द्यायचा. घासणं थांबव. ढब्बूला त्या खोलीत आणू नकोस. आणि गाल लावू नकोस, तूही नको आणि त्यालाही लावू देऊ नकोस.

बाकी सगळं ठीक आहे. काम सुरू झालं की आम्हाला घरात राहू देणार नाहीत, मी खाली शिंपिणीकडे राहायला जाणार आहे. तिचं मशीन आणि माझं घोरणं, बघू कोण जिंकतं.

फोन उचल.

आई


ता. ११ मार्च

खारू,

परवा तू फोन उचललास, ते बरं केलंस. बोलणं कसंही झालं तरी आवाज ऐकला.

तू काय बोललीस ते सगळं लक्षात आहे. "आई, जन्मभर तू त्यांची बाजू घेतलीस. आता त्यांचा एक डबा माझ्या वाट्याला आला तर म्हणतेस टाकून दे."

मी म्हटलं, "टाकून दे नाही, बंद कर म्हणते."

"दोन खिडक्या भरून झाल्या. इतकी सुरेख बसलीये लांबी, तू पाहिलीस तर म्हणशील, ह्यांनीच भरली."

"म्हणून तर सांगते."

"बाबांनी आयुष्यभर हेच केलं. काय झालं त्यांना?"

मागे ढब्बू काहीतरी आपटत होता. नंतर तू फोन ठेवलास.

काय झालं त्यांना, तेच लिहायला बसले आहे. फोनवर मला ते जमलं नसतं, तू मध्ये बोलली असतीस आणि मी बोलू दिलं असतं.

तू घर सोडून गेलीस त्यानंतर त्यांच्या पोटात कळा यायला लागल्या. जेवण जाईना. चिडायचे, मग कशावर चिडलो तेच विसरायचे, आणि विसरलो म्हणून पुन्हा चिडायचे. मग उजवं मनगट गेलं. बोटं मुठीत यायची पण पंजा वर उचलेना, हातातून ब्रश खाली लोंबायचा. कोणाला कळू नये म्हणून ते फडक्याने ब्रश मनगटाला बांधून कामावर जायचे, बाहीच्या आत गाठ मारून. शेवटी मूत्रपिंडं. हॉस्पिटलात किती डॉक्टर आले नि गेले, पण हा माणूस काम काय करतो असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं असतं, रंगारी आहेत म्हणून.

तपासनीसबाई गेल्यावर मी वाचनालयात गेले. ताईंनी दोन पुस्तकं काढून दिली आणि एक शब्दकोश. खलाशी बर्फातच राहिले. त्या पुस्तकांतलं मला सगळं कळलं असं नाही, पण पोट, मनगट आणि मूत्रपिंडं एका ओळीत लिहिलेली होती ते कळलं. रंगाऱ्यांच्या ह्या मनगटाच्या दुखण्याला तर पूर्वी वेगळं नावच होतं म्हणे. पुढच्याच ओळीत होतं, चिडचिड, विसराळूपणा, झोप उडणे. तिथे मी पुस्तक मिटलं. ताई म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "चष्मा बदलायला झालाय."

त्या वकिलीणबाईंच्या जिन्यातल्या दिवसाचा विषय मी काढणार आहे, नको म्हणू नकोस. दाराच्या चौकटीवरची रेघ वाकडी आली होती. ती त्यांनीच मारली होती हे तू त्या दिवशीही सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या हातातला ब्रश हिसकावला आणि म्हणाले, "हिला रंगातलं काही कळत नाही, उगाच शिकवली." तू शिडीवरून उतरलीस ती थेट स्टेशनवर गेलीस. मनगट तेव्हाच दगा द्यायला लागलं असणार. ह्या पुस्तकांमुळे मला हे आता कळतं.

घरी येऊन मी तुला पत्र लिहायला घेतलं की, बघ, राग त्यांचा नव्हताच, सगळं त्या शिशाचं होतं. अर्धं पान लिहून झालं. फार बरं वाटत होतं लिहिताना. मग मी ते फाडलं. लग्नानंतर नव्याने राहायला आलो तेव्हा, हात ठणठणीत होता तेव्हाही, मीठ जास्त पडलं म्हणून ह्यांनी भाजीचं पातेलं खिडकीबाहेर भिरकावलं होतं. खालच्या कुत्र्याची चंगळ झाली. तेव्हा राग किती त्यांचा आणि किती विषाचा, हे आता कोणी वेगळं करून देणार नाही. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "असू शकतं. पण ज्यांचं रक्त तपासलंच नाही, त्यांच्याबद्दल मी काय सांगू?" चांगली बाई आहे, उगाच गोड बोलत नाही. म्हणून मी तुला त्यांना माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं आणि त्यांचं आहे. मला तुझ्याशी फक्त ढब्बूबद्दल आणि तुझ्याबद्दल बोलायचंय.

जावईबापू म्हणतात, तू आता दार लावून घेऊन घासतेस आणि मूल बाहेर असतं. खारू, ते पुरत नाही. धूळ तुझ्या केसांत बसते, बाह्यांत बसते. तू दार उघडून बाहेर येतेस आणि त्याला कडेवर घेतेस, तो तुझ्या खांद्याला तोंड लावतो.

इथे काम चालू आहे ते मी जिन्यातून बघते. माणसं पांढऱ्या झग्यात असतात, नुसते डोळे दिसतात. शिंपीण म्हणते, "शिवण अगदी भिकार आहे त्या झग्यांची." आमच्या खोलीतलं सामान आधी बाहेर काढलं, उरलं ते गुंडाळलं. दाराला जाड प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या, फरशीवर पण प्लास्टिक. रंग आधी पाण्याने भिजवतात आणि ओला असतानाच खरवडतात, कोरडं काही घासत नाहीत. रंग जाळून सोडवायचा ब्लोलॅम्प तर हातातही घेत नाहीत, रंग तापला की त्याची वाफ छातीत जाते म्हणे. फुंकर कोणी मारत नाही. मी प्रमुख माणसाला विचारलं, "मग गुळगुळीत झालं की नाही कसं कळतं?" तो म्हणाला, "आजी, थोडं खडबडीत राहिलं तर चालतं." हे असते तर त्याला जिन्यावरून ढकलला असता.

निघालेला रंग पिशवीत भरून तोंड बांधतात. आणि झाडू लावायचा नाही, धूळ उडते. एक मशीन आहे धूळ ओढणारं, साधं नव्हे, बारीक गाळणीचं, त्यानंतर ओल्या फडक्याने पुसतात, ते फडकंही टाकून देतात. कामाचे कपडे तिथेच उतरवतात, घरच्या कपड्यांत धुवत नाहीत. शेवटी तपासनीसबाई येऊन धूळ तपासेल आणि तिने हो म्हटलं तरच मला आत जायचंय. तोपर्यंत लहान मूल आणि पोटुशी बाई जिन्यात सुद्धा नको. मला आत सोडलं नाही म्हणून मी भांडले. आता भांडत नाही.

तुझ्या घरात तू हे एकटीने करू नकोस. ज्यांना हे काम शिकवलंय त्यांना बोलाव, आणि ते येईपर्यंत त्या खोलीचं दार बंद राहू दे. तू भरलेल्या दोन खिडक्याही त्यांना दाखव. सुरेख आहेत, मला माहीत आहे. तरीही दाखव.

अजून एक आहे.

मी रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही रंगकाम करायचात?" म्हटलं, "नाही, मी कपडे धुवायचे त्यांचे." गॅलरीत उभी राहून आधी झटकायचे आणि मग भिजवायचे. माझ्या रक्तात शिसं जास्त निघालं. घाबरण्यासारखं नाही असं त्या म्हणाल्या, पुन्हा तपासायचं आहे आणि एक औषध आहे. मला काय, माझं आयुष्य जगून झालं. पण काम बंद होऊन इतका काळ लोटला तरी हे आलं कुठून, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, ते हाडांत साठून राहतं आणि थोडं थोडं बाहेर येत राहतं. बाईच्या हाडांतून पोटातल्या मुलाकडे जातं. नंतर दुधातूनही.

मी नुसते कपडे झटकायचे. तू शाळेतून आलीस की चाळणीचं फडकं दोन्ही हातांनी धरून बसायचीस आणि ह्यांनी टाकलेली भुकटी हलवायचीस. तपासनीसबाईने घरात लहान कोण होतं असं विचारलं, तेव्हा मी चहाकडे वळले, ते यामुळे.

तर रक्त फक्त ढब्बूचं नाही, तुझंही. दोघांचं, एकाच दिवशी. अंगावर पाजणं आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलंय, आधी आकडा बघतात आणि मग ठरवतात, बहुतेकदा बंद करावं लागत नाही. लहान मुलाचं वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं, असंही म्हणाल्या. वेळेवर नाही कळलं तर काय, ते मी विचारलं नाही. पुस्तकात वाचलं होतं.

त्यांनी माझ्या कागदावर लिहायला विचारलं, घरात आणखी कोण या कामात होतं. म्हटलं, मुलगी. "ती काय करते?" म्हटलं, "रंगारी आहे." त्यांनी वर पाहिलं, मग लिहून घेतलं.

तुला डबा सोडायला सांगते आहे, तेव्हा रिकाम्या हाताने सांगणं बरं दिसत नाही. मनगटाला ब्रश बांधायला लागले त्या दिवसांत एकदा हे स्वयंपाकघरात आपलीच चौकट रंगवत होते. रेघ तीनदा पुसली. मग ब्रश सोडवायला हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "खारू असती तर एका दमात ओढली असती." बस, एवढंच. पुन्हा कधी नाव काढलं नाही. तुला आवडेल की राग येईल ते मला कळेना, म्हणून आजवर सांगितलं नव्हतं. राग आला तरी ते तुझंच आहे, ठेवून घे.

शुक्रवारच्या गाडीने मी निघते. शिंपिणीने पिशवी शिवून दिलीये, पुस्तकं मावतील एवढी. मी खिडक्या बघायला येत नाही आणि तुझ्याशी बोलायलाही येत नाही, तू बोलली नाहीस तरी चालेल. दवाखान्यात ढब्बूला मांडीवर घेऊन बसायला कोणीतरी लागेल. जावईबापूंना सुई बघवत नाही, लग्नाआधीच कबूल केलंय त्यांनी.

तिथे आधी तू हात पुढे कर. तो बघत असेल.

उत्तराची वाट न बघता निघालेली,
तुझी आई